दोन नंबरचा गुडघा

"सर, आपण काऊन हारलो?"

अकोल्यात संध्याकाळी सहा वाजता, ०-४ ने हरलेल्या टीमच्या घोळक्यातून हा प्रश्न आला. विचारणारा पोट्टा अकरावीतला. मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, हातात अर्धं सोललेलं केळं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझ्याकडे उत्तरं तयार होती. मैदानाचा एक कोपरा ओला होता. रेफ्रीने पहिला गोल ऑफसाइड द्यायला हवा होता. समोरच्या टीमची पोरं वयाने मोठी वाटत होती. सरावाला महिनाभर मैदानच मिळालं नव्हतं. चारही गोष्टी खऱ्या होत्या. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण ही चारही वाक्यं मी आधी ऐकली होती. याच क्रमाने. तेव्हा केळं माझ्या हातात होतं आणि समोर दुसरे सर उभे होते.

त्या सरांना कॉलेजातून काढायला लावणारं पत्र मी लिहिलं होतं.

*

मी अमरावतीत बी.ए. केलं, २०१६ ते २०१९. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही विदर्भात कुठेही शिकला असाल तर तुमच्या कॉलेजचं नाव तिथे घातलं तरी चालेल. मी फुटबॉल टीममध्ये होतो, शेवटच्या वर्षी कॅप्टन. तीन वर्षांत आंतरमहाविद्यालयीन आणि निमंत्रितांचे धरून आमच्या नावावर ११ सामने आहेत. १० हरलो. एक जिंकलो, तो वॉकओव्हर. म्हणजे तो खेळलोच नाही.

आता गंमत बघा. हे सगळं अमरावतीत होत होतं. ज्या गावात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, जिथल्या मुलांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्या गावात. महाराष्ट्रभरातून पोरंपोरी इथे बी.पी.एड. करायला येतात. सकाळी साडेपाचला बाहेर पडा, प्रत्येक तिसरा माणूस ट्रॅकसूटमध्ये दिसेल. खेळ शिकवणारी माणसं तयार करणारं हे गाव आहे. तयार झालेल्या माणसाला पुढे नेमकं काय काम मिळतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

आमचे सर तासिका तत्त्वावर होते. शारीरिक शिक्षण संचालकाची जागा रिकामी, म्हणून तिचंही काम त्यांच्याकडे. प्रवेशाच्या दिवसांत ते खिडकीवर पावत्या फाडायचे. गॅदरिंगला मंडपवाल्याशी भांडायचे. नॅकची कमिटी येणार म्हटल्यावर दोन महिने खेळाच्या फाइली रंगवायचे. त्या फाइलींत आमचे सराव करतानाचे फोटो असायचे, आणि त्या फोटोंसाठी जितके दिवस सराव झाला तितकाच त्या वर्षी झाला. सकाळी ते आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या एका कॉलेजात. एका ठिकाणच्या मानधनात घर चालत नव्हतं. तेही मानधन महिन्याच्या महिन्याला येत नव्हतं.

आमच्याकडे तीन बॉल होते. त्यातला एक पंक्चर. सराव सुरू होण्याआधी तो फुगवायचा आणि तो बसायच्या आत शूटिंग आटपायचं, असा नियम होता.

हे सगळं आज कळतं. तेव्हा दिसायचं ते इतकंच, की सर उशिरा येतात, सामन्याच्या दिवशी सकाळी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून अकरा नावं लिहितात आणि ज्याचं नाव नसतं त्याला कारण सांगत नाहीत. दुसऱ्या वर्षी मी दोन सामने बाहेर बसलो. का, ते आजतागायत माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, "पुढच्या टायमाले पाहू."

त्यांची परिस्थिती वाईट होती हे खरं. एखाद्या पोराला "तू आज का नाहीस" हे सांगायला पैसे लागत नाहीत, हेही खरं.

*

आमच्या राइट बॅकला आम्ही 'दोन नंबर' म्हणायचो. जर्सीवर २ होता म्हणून, आणि त्याच्या बापाचा धंदा एकदम एक नंबरचा होता म्हणून. मूर्तिजापूरकडची पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. दोन नंबर टीममधला सर्वांत वेगवान. फुटबॉल त्याला आवडायचा, पण त्याचं डोकं भरतीत होतं. पोलीस भरती. १६०० मीटर, १०० मीटर, गोळा. रोज सकाळी सरावाआधी तो एकटा चार राउंड मारायचा. वरून क्रीडा आरक्षणाचे ५ टक्के. त्यासाठी नुसतं खेळून भागत नाही, स्पर्धा कोणती आणि क्रमांक कोणता हे पाहतात. म्हणून विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी, कलर होल्डर व्हावं, पुढे पश्चिम विभागात खेळावं, काही हाती लागलं तर बरं, असा त्याचा हिशोब. घरातून त्याला एवढंच सांगितलं होतं की डिग्रीची तीन वर्षं तुझी, त्यानंतर वावर.

तिसऱ्या वर्षी आम्हाला पहिल्या फेरीत बाय मिळाला. दुसऱ्या फेरीत समोरची टीम परीक्षेमुळे आलीच नाही. आणि एकही सामना न खेळता आम्ही सेमीफायनलला पोचलो. आम्ही! व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदलून 'सेमी पोट्टे' ठेवलं. सामना अकोल्यात होता, शनिवारी.

गुरुवारी सरावात दोन नंबर एका थ्रोसाठी वळला आणि खाली बसला. म्हणाला, आतून 'कट्' असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. रूमवर कोणीतरी हळद लावली, कोणीतरी बर्फ आणला.

आज मी पोरांना शिकवतो तेव्हा पहिल्या आठवड्यात हे सांगतो. पळताना वळलास, आतून आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर ते लचकणं समजायचं नाही. आतला लिगामेंट तुटलेला असू शकतो. एसीएल म्हणतात तो एक. धावताना झटकन दिशा बदलली की गुडघा जागेवर धरून ठेवायचं काम तो करतो. डॉक्टरने पाहिल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. दुखणं चार दिवसांनी कमी होतं आणि माणूस फसतो. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सरांना ठाऊक असायला हवं होतं. त्यांची डिग्रीच ती होती.

शनिवारी पहाटे क्रूझर निघाली. बडनेरा सुटलं आणि खड्डे सुरू झाले. अमरावती-अकोला रस्त्याचं काम तेव्हा रखडलेलं होतं. लोणीपासून कुरणखेडपर्यंत अर्धा रस्ता उकरलेला, अर्धा डायव्हर्जन. प्रत्येक गचक्याला दोन नंबर सीटचा रॉड घट्ट धरायचा.

मैदानावर पोचल्यावर सरांनी त्याला बाजूला घेतलं. मी शेजारी उभा होतो.

"खेळशील का?"

"हाव सर."

"पक्कं?"

"हाव."

मग सरांनी आम्हा सगळ्यांना जर्नेल सिंगची गोष्ट सांगितली. १९६२, जकार्ता, एशियन गेम्स. डिफेंडर जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला सेमीफायनलला सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं. त्याने गोल केला. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध परत केला. भारत २-१ ने जिंकला, सुवर्णपदक. गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि आजही सांगताना अंगावर काटा येतो. त्या दिवशी आम्हा सोळा जणांच्या अंगावर आला. मी खाली बसून दोन नंबरच्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं, वरून स्प्रे मारला आणि म्हणालो, "खेळ न बे, सेमी आहे."

साठाव्या मिनिटाला तो विंगरच्या मागे वळला आणि पडला. त्याला कोणी हातही लावला नव्हता. तो ओरडला नाही. मातीत तोंड खुपसून पडून राहिला. आम्ही तेव्हा ०-३ ने मागे होतो. त्याला उचलून बाहेर ठेवलं आणि खेळ सुरू केला. ०-५ ने हरलो.

परत येताना सर पुढच्या सीटवर बसून सांगत होते. मैदानाचा एक कोपरा ओला होता. रेफ्रीने पहिला गोल…

*

पत्र सोमवारी रात्री लिहिलं. माझं मराठी बरं म्हणून मसुदा माझा. 'माननीय प्राचार्य महोदय' पासून 'आपले आज्ञाधारक विद्यार्थी' पर्यंत दीड पान, सात मुद्दे. प्रशिक्षक वेळेवर येत नाहीत. सरावाचं वेळापत्रक नाही. संघनिवडीत पारदर्शकता नाही. प्रवासभत्त्याचा हिशोब दिला जात नाही. किट सामन्याच्या आदल्या रात्री मिळतं. सूचना सामना सुरू असताना बदलतात. तीन वर्षांत एकही सामना खेळून जिंकलेला नाही. खाली पंधरा सह्या. सोळावी सही मूर्तिजापूरला होती, पाय उशीवर ठेवून.

प्राचार्यांनी आम्हाला दहा मिनिटं दिली. सगळं ऐकून घेतलं, पत्रावर काहीतरी लिहिलं, शिपायाला फाइल दिली. पुढच्या सत्रात सरांना परत घेतलं नाही. आम्ही जिंकलो. कॉलेजच्या तीन वर्षांतला आमचा एकमेव खरा विजय तो. गेटसमोर आम्ही चहा प्यायलो आणि सेल्फी काढला.

पुढच्या वर्षी नवे सर आले. तेही तासिका तत्त्वावर. तेच तीन बॉल. ज्युनिअर पोरांची टीम पहिल्या फेरीत ०-६ ने हरली.

*

कोच हरला की कोच बदला, हा उपाय आपण शोधलेला नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ, हेल्मेट घालून, हातात बॉल घेऊन पळण्याचा. तिथे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढलं. टीम अपेक्षेइतकी जिंकत नव्हती. करार २०३१ पर्यंतचा होता, म्हणून घरी बसवायची भरपाई ठरली सुमारे साडेसात कोटी डॉलर. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या सरांचं थकलेलं मानधन आठवलं आणि हसू आलं. पण दोन्हीकडे पद्धत एकच. हरण्याला एक चेहरा सापडतो, तो चेहरा जातो, सगळ्यांना हलकं वाटतं.

आपल्या देशाच्या टीमचंच बघा. विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत पोचला नाही म्हणून जून २०२४ मध्ये इगोर स्टिमॅक यांना काढलं. मग मानोलो मार्केझ आले. ते त्याच वेळी एफसी गोवाचेही कोच होते. म्हणजे सकाळी इकडे, दुपारी तिकडे. आमच्या सरांसारखंच, फक्त विमानाने. त्यांच्या हाताखाली भारत आठ सामने खेळला, एक जिंकला. जुलै २०२५ मध्ये तेही गेले. त्याच महिन्यात आयएसएल, म्हणजे देशातली सर्वांत मोठी लीग, करारांच्या घोळात लटकली. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात, मडगावला, भारत सिंगापूरकडून १-२ ने हरला. एशियन कपची दारं बंद. दीड वर्षाच्या आत तीन कोच. चेहरे बदलत गेले आणि पराभवाचा पत्ता तोच राहिला.

याच्या उलटही एकदा घडलंय. १९५२, हेलसिंकी ऑलिम्पिक. युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ ने हरवलं. दहा गोल! कोच तेच रहीम, हैदराबादचे, मूळचे शाळामास्तर. आजच्या हिशोबाने त्यांचं पत्र दुसऱ्याच दिवशी निघालं असतं. निघालं नाही. का हरलो, हे पाहिलं गेलं. कित्येक खेळाडू थंडीत, ओल्या मैदानावर अनवाणी खेळले होते. आपल्याकडे सामने ७० मिनिटांचे व्हायचे, तिथे ९० मिनिटांचा होता. मग बूट सक्तीचे झाले. रहीम यांनी खेळण्याची पद्धत बदलायला घेतली. चार वर्षांनी मेलबर्नला भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ ने जिंकलो तेव्हा मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक मारली. रहीम महान होतेच. पण १०-१ नंतर त्यांना उत्तर शोधायला वेळ मिळाला आणि त्यांनी ते शोधलं, ही गोष्ट मला जास्त मोठी वाटते.

आमच्या सरांना कोणी "का हरलो" असं बसवून विचारलं नाही. आम्ही विचारलं नाही, प्राचार्यांनी विचारलं नाही. जबाबदार या शब्दात जबाब आहे. आम्ही जाब विचारला आणि जबाब न घेताच घरी गेलो.

*

२०२२ मध्ये 'झुंड' आला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे विजय बारसे, त्यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी सुरू केलेलं स्लम सॉकर, त्यावरून नागराज मंजुळेंनी केलेला सिनेमा. आपल्या विदर्भातला खेळाचा मास्तर, आणि तो रंगवणारा अमिताभ. मी अकोल्यात थिएटरला पाहिला. माझं बी.पी.एड. झालं होतं, एका कॉलेजात मीही तासिका तत्त्वावर लागलो होतो. बाहेर पडताना माझ्या टीममधला एक जण म्हणाला, "सर, तुमीही असेच व्हा न."

मला बारसे सरांबद्दल प्रचंड आदर आहे. पण त्या वाक्याने पोटात गोळा आला. सिनेमातला कोच पदरमोड करतो, घरच्यांचं ऐकून घेतो आणि शेवटी विमान उडतं. असा एखादा माणूस भेटणं हे नशीब. प्रत्येक कॉलेजात असा माणूस असेलच, असं धरून टीम चालवता येत नाही. आणि तसा माणूस नाही म्हणून समोरच्याला खलनायक ठरवणं तर फारच सोपं.

त्याच वर्षी जूनमध्ये तुम्ही बातमी वाचली असेल. लोणी ते माना, ७५ किलोमीटरची लेन, १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण, गिनेस बुकात विक्रम. आमचाच रस्ता! पाच दिवसांत. फोटो आले, श्रेय घ्यायला रांग लागली. त्याआधी इतकी वर्षं त्या खड्ड्यांतून जी माणसं गेली, त्यांचे मणके कोणाच्या खात्यात लिहायचे हे कोणी विचारलं नाही. विक्रमाला शंभर बाप असतात, खड्डा बेवारस असतो. त्या नव्या रस्त्यावरून पहिल्यांदा गेलो तेव्हा सीटचा रॉड धरलेला दोन नंबरचा हात आठवला.

*

सर मला मागच्या वर्षी भेटले. अकोल्यात, शास्त्री स्टेडियमबाहेर चहाच्या टपरीवर. आता ते एका शाळेत आहेत. केस पांढरे झालेत. मी पाया पडलो, ते "असू दे, असू दे" म्हणाले. थोडा वेळ दोघंही कपाकडे बघत बसलो. मग मीच विषय काढला. म्हटलं, सर, ते पत्र मी लिहिलं होतं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "प्राचार्यांनी मले झेरॉक्स देली होती. तुहं अक्षर वयखतो मी."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं.

"सातही मुद्दे बरोबर होते. उशिरा येत होतो, ते कबूल. टीम बॉनेटवर लिहीत होतो, तेही कबूल. पण मले एक सांग. गुडघ्याचं काऊन नाही लिहिलं तुम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं. गुडघ्याचं लिहिलं असतं तर क्रेप बँडेज कोणी बांधलं हेही लिहावं लागलं असतं.

"त्या एका गोष्टीसाठी मले काढलं असतं, तर मी काहीच बोललो नसतो," सर म्हणाले. "एकदा त्याच्या घरी जाऊ म्हणून निघालो होतो. फाट्यापर्यंत गेलो. तिथूनच परत आलो."

मी तर फाट्यापर्यंतही गेलो नव्हतो.

*

गेलो, त्यानंतर दोन महिन्यांनी. त्याचं फाट्यावर कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याच्या पिशव्यांमागे स्टुलावर बसला होता. उठला तेव्हा उजवा पाय आधी सरळ करून घेतला, मग उभा राहिला. ऑपरेशन वर्षभराने झालं होतं, कापूस विकल्यावर. असं ऑपरेशन झालं की परत नीट खेळायला नऊ महिने तरी जातात, रोज व्यायाम करून घेणारा कोणीतरी लागतो. गावात कोण करून घेणार? भरती गेली. पुढच्या भरतीला पळाला, पण वेळेत बसला नाही. तिच्या पुढच्या भरतीला वय गेलं नव्हतं, मन गेलं होतं.

"काऊन आलास आता?" त्याने विचारलं. चिडून नाही. गिऱ्हाईकाला काय पाहिजे विचारतात तसं.

मी जे सांगायचं ते सांगितलं. बँडेजचं, पत्राचं, सरांच्या प्रश्नाचं. तो मधेच एका गिऱ्हाईकाला तणनाशक देऊन आला. मग म्हणाला, "सरनं विचारलं होतं न मले. खेळशील का म्हणून. तू होता तिथं."

"हो. तू हाव म्हटलं."

"मंग काय म्हणणार बे? एकोणीस वर्षांचा होतो मी. सेमी होती. अकोल्याले मामा आला होता पाहाले. तू असतास त काय म्हटलं असतं?" थोडा थांबला. "विचारलं सगळ्यायनं. नको खेळू, असं कोणीच नाई म्हटलं."

त्याने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. चहा पाजला, निघताना म्हणाला, "पोट्टे शिकवतो न तू आता? मंग पाय त्यायचे." पाय म्हणजे बघ. पण मला दोन्ही अर्थ ऐकू आले.

*

कोचच्या जबाबदारीबद्दल माझ्या डोक्यात जे काही आहे, ते त्या स्टुलासमोर ठरलं. हरण्याचं खातं एकट्या कोचचं नसतं. मैदान कॉलेजचं, मानधन संस्थेचं, रिकामी जागा न भरणं आणखी वरच्यांचं. त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायला हवं. ते आम्ही केलं नाही, कारण सर जवळ होते आणि ती दारं लांब होती. पण एक गोष्ट अशी आहे जी संपूर्णपणे कोचचीच आहे, पगार असो वा नसो. समोरच्या पोराला "नको खेळू" म्हणणं. पोराला "खेळशील का" विचारून ते ओझं त्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. तो हावच म्हणणार.

तर त्या संध्याकाळी, ०-४ नंतर, मी बॅगेतून वही काढली. साधी दोनशे पानी. प्रत्येक सामन्याचं एक पान, तीन रकाने. पहिला माझा, दुसरा टीमचा, तिसरा आमच्या हातात नसलेल्या गोष्टींचा. पहिला रकाना मी सगळ्यांसमोर भरतो, मोठ्याने वाचत.

त्या दिवशी लिहिलं : लेफ्ट बॅक थकलाय हे दिसत होतं, बदली पंधरा मिनिटं उशिरा केली. कॉर्नरचा सराव महिनाभर घेतला नाही, दोन गोल कॉर्नरवरून. टीम आदल्या दिवशी सांगायचं ठरलं होतं, सकाळी सांगितली. शेवटचं वाचताना आवाज जरा बारीक झाला. बॉनेटवर नसेल लिहिली, मोबाइलवर लिहिली होती. फरक तेवढाच.

पोरांनी दुसरा रकाना भरला. आधी गप्प होते, मग एक म्हणाला, "सर, मी मार्क सोडला." दुसरा म्हणाला, "मी बी." तिसऱ्या रकान्यात ओला कोपरा आला, मैदान न मिळणं आलं. त्या रकान्याची दर महिन्याला एक प्रत मी प्राचार्यांकडे देतो. अजून काही झालेलं नाही. पोच मात्र घेतो, सहीशिक्क्यासकट.

सगळे पांगल्यावर आमच्या विंगरचे वडील आले. त्यांच्या पोराला मी बसवून ठेवलं होतं. दोन दिवसांपूर्वी त्याचा गुडघा वळला होता, आणि डॉक्टरला दाखवल्याचा कागद त्याने आणला नव्हता.

"सर, पोट्टा म्हणत होता खेळतो. तुमी काऊन बसवलं? तो असता त दोन गोल मारले असते आपण."

"मारले असते काका," मी म्हणालो. "पण नको म्हटलं मी. लिहा माझ्या नावावर."

ते वैतागून गेले. गाडीला किक मारताना काहीतरी बोललेही. पोरगा मागे बसला होता, उजवा पाय जपून बाहेर काढलेला. मी वही उघडली आणि पहिल्या रकान्यात चौथी ओळ लिहिली.